यादीतलं शेवटचं काम

मुलांनो, गावी जायचं ठरलं की तुमच्या घरी कशी धांदल उडते? पिशव्या भरायच्या, शेजारी किल्ली द्यायची, काही राहिलं तर नाही ना म्हणून दहादा बघायचं! माझंही तसंच होतं. अशाच एका पावसाळी दिवसाची ही गोष्ट. त्या दिवशी शिकवणारी बाई स्वतःच धडा शिकली.

माझी शाळा गगनबावड्याजवळच्या एका लहानशा गावात आहे. आणि माझं माहेर करूळ घाट उतरल्यावर, वैभववाडीकडे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि इथेच रिकामे होतात. म्हणून गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. छत्री तर इथे नावालाच!

तारीख होती २९ ऑगस्ट २०२२. दोन दिवसांवर गणपती. मी रजा काढली होती आणि दुपारच्या एसटीने घरी निघायचं होतं. सकाळीच कागदावर यादी केली : शाळेची किल्ली सहकारी गुरुजींकडे देणे. टपालपेटीत पत्र टाकणे. मोदकांसाठी कोल्हापुरी गूळ घेणे. आईसाठी उदबत्त्या. आणि सगळ्यांत शेवटी : सायकलच्या ब्रेकचे रबर बदलणे.

रबर पार झिजले होते. सायकलवाल्या काकांनी आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, "बाई, आता बदलून घ्या." मी म्हटलं, "बघू उद्या." तो 'उद्या' काही उजाडला नव्हता.

रेनकोट चढवून मी सायकल काढली. किल्ली दिली, पत्र टाकलं. दोन किलोमीटरवरच्या बाजारातून एक किलोचा गुळाचा रवा आणि उदबत्त्या घेतल्या. सायकलचं दुकान समोरच होतं, पण तिथे चारजण थांबलेले. घड्याळ बघितलं आणि मनात म्हटलं, राहू दे, आल्यावर करू. बॅग आणायला मी खोलीकडे वळले.

गावाजवळ उतार आहे. सायकल वेगात होती. तेवढ्यात दुसरीतली एक चिमुरडी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन धावत रस्त्यात आली. मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. सायकल थांबेचना! हँडल वळवलं आणि सायकलसकट कडेच्या चिखलात जाऊन पडले. मुलगी हातभर अंतरावर उभी होती.

"बाई, तुमचा बिरेक लागंना व्हय?" तिने विचारलं.

तिला काही लागलं नव्हतं. माझा गुडघा खरचटला आणि गुळाचा रवा चिखलात फुटला. पण मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच महिन्यात मी वर्गात रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा पाठ घेतला होता!

ब्रेक का लागला नाही? एक गंमत करून बघा. स्टीलच्या कोरड्या ताटावर खोडरबर दाबून ओढा. तो अडखळतो. आता ताट ओलं करून ओढा. सरकन घसरतो. सायकलचंही तसंच. रबर आणि रिम यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि घर्षण कमी होतं. आधी रबराने ते पाणी पुसायचं, मग चाक अडवायचं. तेवढ्यात सायकल बरीच पुढे जाते. चकचकीत पोलादी रिम असेल तर थांबायला दुप्पट किंवा त्याहूनही जास्त अंतर लागू शकतं. त्यात झिजलेले रबर म्हणजे विचारायलाच नको.

म्हणून पावसात वेग कमी ठेवा. उतार यायच्या आधीच दोन्ही ब्रेक हलके दाबत राहा, म्हणजे रिम पुसली जाते. एका हातात छत्री धरून सायकल चालवू नका. डबक्यातून जाऊ नका, खाली खड्डा किती खोल ते दिसत नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, ओला पाला, शेण यांवर चाक घसरतं. घरी आल्यावर साखळी पुसून तेलाचे दोन थेंब सोडा. पण ब्रेक कुरकुरतो म्हणून रिमला तेल मुळीच लावू नका!

त्या मुलीला मी घरी पोचवलं आणि तिच्या आजीला घडलं ते सगळं सांगितलं. मग बॅग कॅरिअरला बांधून सायकल हातात धरून पायी बाजारात गेले. रबर बदलले. सायकल काकांकडेच ठेवली, गूळ पुन्हा घेतला. ठरलेली एसटी केव्हाच गेली होती. आईला फोन केला. ती म्हणाली, "उशीर झालो तरी चलात, पण सांभाळून ये."

पुढच्या गाडीने दिवेलागणीला घरी पोचले. आईने गुडघ्याला हळद लावली आणि यादीचा भिजलेला कागद चुलीत टाकला.

आता मी यादी करते तेव्हा ज्या कामावाचून कुणाला इजा होऊ शकते, ते काम पहिलं लिहिते. तुमच्या सायकलचे ब्रेक कसे आहेत? हे पान मिटलंत की आधी तेवढं बघून या. आणि आई-बाबांच्या गाडीचेही बघायला सांगा बरं का!