बिनतारी जाळे आणि छपरावर चढणारा माणूस

‘बिनतारी’ हा शब्द ऐकला की दोन समज आपोआप होतात. एक, यात तार नसते. दुसरा, यात माणूस फारसा लागत नाही. दोन्ही खोटे. ज्या जाळ्याविषयी येथे सांगावयाचे आहे त्यात प्रत्येक छपरावर खांब असतो, खांबावर पेटी असते, पेटीतून खाली तार उतरते, आणि या साऱ्याची निगा राखणारा कुणी नसेल तर एका पावसाळ्यात ते निकामी होते. आम्ही इंजिनियर नव्हे. संघटना बांधण्यात उमर गेली. पण हे यंत्र समजून घेताना त्यातला निम्मा भाग आम्हांला ओळखीचाच वाटला, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

नेहमीच्या व्यवस्थेत एक उंच मनोरा असतो आणि आसपासचे सारे त्याच्याशी बोलतात. मनोरा बंद पडला की सगळे एकदम मुके. इंग्रजीत ज्याला मेश म्हणतात त्या जाळ्यात प्रत्येक छपरावरचे ठाणे स्वतःचा निरोप पाठवते आणि शेजाऱ्याचाही पुढे पोचवते. मधले एखादे ठाणे पडले तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. इंटरनेटची जोडणी एकदोन ठाण्यांना असली तरी पुरते. ती तुटली तरी वस्तीतल्या वस्तीत निरोप चालू राहतात. मात्र त्यांची देवघेव करणारा सर्व्हर वस्तीतच ठेवलेला हवा. ही अट पुष्कळजण विसरतात.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रेड हुक नावाची वस्ती आहे. तिच्या तीन बाजूंना पाणी. एके काळी ही गोदी कामगारांची वस्ती. आर्थर मिलर यांचे १९५५ सालचे ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’ हे नाटक तिथेच घडते. आज तिथे सरकारने बांधलेल्या घरांची मोठी वसाहत आहे. रेड हुक इनिशिएटिव्ह या स्थानिक संस्थेने छपरांवर दोनचार पेट्या बसवून लहानसे जाळे सुरू केले होते. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ आले, समुद्र रस्त्यांत शिरला, आणि वसाहतीत कित्येक दिवस वीज नव्हती. संस्थेच्या इमारतीतली वीज मात्र टिकली. लोक तिथे जेवण, औषधे आणि फोन भारित करण्याची सोय शोधत आले, तेव्हा ते लहानसे जाळे कामास आले. अमेरिकन केंद्र सरकारच्या फेमा या आपत्तिनिवारण संस्थेने त्याला उपग्रहाची जोडणी दिली आणि जाळे वाढवण्यात आले. पुढे वस्तीतल्याच तरुणांना पेट्या बसवण्याचे आणि दुरुस्तीचे शिक्षण मिळाले. यातला मुद्दा आम्हांला मोठा वाटतो. बड्या कंपनीची दुरुस्तीची गाडी कुठल्या गल्लीत आधी शिरणार हे त्या भाडेकरूंच्या हाती नव्हते. आपल्या छपरावरची पेटी त्यांच्या हाती होती.

आता रचनेकडे वळू. समोरचे छप्पर दिसते म्हणजे तिथे लहर पोचतेच असे नाही. लहर दोरीसारखी सरळ रेघेत जात नाही. मधोमध फुगलेल्या ढोलकीसारखी जागा व्यापते. अंतर १ किलोमीटर आणि लहर ५.८ गिगाहर्ट्‌झची असेल, तर मध्यावर ही ढोलकी दृष्टिरेषेच्या चहूबाजूंना सुमारे साडेतीन मीटर असते, २.४ गिगाहर्ट्‌झला साडेपाच मीटरच्या वर. यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. मध्ये पाण्याची टाकी किंवा झाडाचा शेंडा घुसला की दुर्बिणीतून समोरची पेटी स्वच्छ दिसते आणि जोडणी मात्र लंगडते. झाडांचा आणखी एक फसवा प्रकार आहे. माघात सावरीचे झाड निष्पर्ण असते. तेव्हा पाहणी केली तर वाट मोकळी वाटते. आषाढात तीच फांदी ओल्या पानांनी भरते आणि लहर गिळते. पाऊस स्वतः या लहरींना फारसे अडवत नाही, ओली पाने अडवतात. म्हणून पाहणी करणाऱ्याने झाड कुठले ते विचारावे.

निरोप पुढे ढकलण्यालाही किंमत पडते. एकाच वाहिनीवर ऐकणारी आणि बोलणारी पेटी दोन्ही कामे एकाच वेळी करू शकत नाही. शेजाऱ्याचे ऐकायचे, मग पुढे सांगायचे; तोवर आसपासच्यांनी गप्प राहायचे. त्यामुळे दुसऱ्या उडीला वेग निम्म्यावर येतो, तिसऱ्याला आणखी घसरतो. उपाय म्हणजे पेटीत दोन स्वतंत्र रेडिओ ठेवणे, एक घरांसाठी आणि एक ठाण्याठाण्यांतल्या वाहतुकीसाठी. पैसे वाचवण्यासाठी हा दुसरा रेडिओ गाळतात, आणि मग जाळे मंद चालते म्हणून मेशलाच दोष देतात.

वाट कोण ठरवतो? मुकादम कुणीच नाही. ओएलएसआर या पद्धतीत प्रत्येक पेटी साऱ्या जाळ्याचा नकाशा जवळ ठेवते. बर्लिनच्या फ्रायफुंक या नागरिकांच्या चळवळीतून निघालेल्या बॅटमन पद्धतीत पेटीला नकाशा ठाऊकच नसतो. अमुक ठिकाणी जायचे तर कुठला शेजारी बरा, एवढेच ती जाणते. जाळे वाढले की दुसरी पद्धत हलकी पडते.

बसवण्याचे काम सुताराच्या नजरेने करावे. तार उन्हाला टिकणाऱ्या वेष्टनाची, १०० मीटरच्या आतली. पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल. तोंडे खालच्या बाजूला. खांबाला भूसंपर्क जोडलाच पाहिजे.

बिघाड शोधताना लोक आधी संगणकापाशी बसतात. ते शेवटी करावे. आधी वीज, मग तार, मग जोडाची टोके, मग अँटेनाची दिशा. बसवल्या दिवशी लहरीचे बळ किती होते ते वहीत लिहिलेले असेल तर अर्धे निदान घरबसल्या होते. हे बळ उणे आकड्यात मोजतात: उणे ६० उत्तम, उणे ८० म्हणजे जेमतेम, आणि दर ३ आकड्यांच्या घसरणीला शक्ती निम्मी. एकदम घसरले तर अँटेना हलली. महिनोन्‌महिने हळूहळू घसरले तर जोडात पाणी शिरले किंवा झाड वाढले. रोज संध्याकाळीच मंदावते तर शेजारपाजारचे घरी येऊन त्याच वाहिनीवर बोलू लागले, किंवा विजेचा दाब उतरला. बळ चांगले असून काम होत नसेल तर दोन ठाणी एकमेकांना ऐकू येत नसतात आणि मधल्याशी एकाच वेळी बोलतात. सभेत दोन खांबांआडचे वक्ते एकदम उठावेत, तसे.

आपल्या देशात २००५ च्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला परवान्यातून सूट मिळाली, २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा झाला. ही सूट लहरींपुरती; इंटरनेट विकण्याची मोकळीक तिच्यात येत नाही. २००५ मध्येच धरमशाळेच्या डोंगरउतारावर असे जाळे उभे राहिले. तिथे माकडे अँटेनाला लोंबकळत. पुस्तकात नसलेला हा बिघाड प्रत्येक गावी निराळा असतो. आमच्याकडे पतंगाचा मांजा आणि मंडपवाले.

पण सर्वांत नेहमीचा बिघाड कुठल्याच मापकावर दिसत नाही: गच्चीला कुलूप. नवा घरमालक परवानगी काढून घेतो, किंवा मुलगा नोकरीसाठी परगावी जातो आणि त्याच्यामागे खांबावर चढणारे कुणी उरत नाही. पेट्यांसाठी वर्गणी उत्साहाने जमते, तिसऱ्या वर्षी तार बदलायला जमत नाही. म्हणून वर्गणी पहिल्या महिन्यापासून दरमहा ठेवावी, थोडी का असेना. आणि बळाचे आकडे ज्या वहीत लिहायचे तिच्या पहिल्या पानावर प्रत्येक गच्चीची किल्ली कुणाकडे, तो गावाला गेला तर दुसरी कुणाकडे, आणि शिडी कुठल्या जिन्याखाली ठेवली आहे, हे लिहून ठेवावे.