व्हीनसॉरची बाजू

पाठीवर भलंमोठं फूल वागवणारा व्हीनसॉर पोकेमॉनच्या जगात कायम मागे ढकलला गेला. १९९६च्या फेब्रुवारीत जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे व्हिडिओ गेम आले, तेव्हा ‘ग्रीन’च्या खोक्यावर तोच होता. परदेशी बाजारात मात्र ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्लू’ गेला आणि खोक्यावर ब्लास्टॉइज हे कासव आलं.

१९९६च्याच ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळाची कार्डं निघाली. १९९९च्या जानेवारीत विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १०२ कार्डांचा पहिला इंग्रजी सेट, ‘बेस सेट’, आणला. त्यातली चॅरिझार्ड आणि व्हीनसॉर ही दोन्ही चित्रं मित्सुहिरो अरिता यांची. पण संग्राहक तुटून पडले ते आग ओकणाऱ्या चॅरिझार्डवर. २०२२मध्ये त्याच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका निर्दोष कार्डाला ४,२०,००० डॉलर मिळाले.

व्हीनसॉरचं मोल कळायला मात्र कार्डं खेळावी लागतात. चॅरिझार्डचा घाव १००चा, पण दर वेळी घाव घालायला लागणारी दोन एनर्जी कार्डं गमावून. व्हीनसॉरचा ‘सोलरबीम’ फक्त ६०चा. त्याची खरी ताकद ‘एनर्जी ट्रान्स’मध्ये: एका पोकेमॉनवरची हिरवी एनर्जी आपल्या पाळीत हव्या तितक्या वेळा दुसऱ्यावर हलवायची. जोडीला ‘पोकेमॉन सेंटर’ हे कार्ड. ते सगळ्या जखमा भरतं, पण जखमी पोकेमॉनवरची एनर्जी टाकून द्यायला लावतं. म्हणून आधी सगळी एनर्जी एका धडधाकट गड्याकडे सरकवायची, जखमा भरायच्या आणि एनर्जी पुन्हा वाटून द्यायची. समोरच्याची कित्येक पाळ्यांची मेहनत वाया! त्या पहिल्या सेटमध्ये याहून देखणा डाव मला दिसत नाही. अडचण एकच होती. बल्बासॉर, मग आयव्हीसॉर, मग व्हीनसॉर एवढं वाढायला वेळ लागे आणि हिटमनचान, इलेक्टाबझसारखे झटपट मारणारे तो देत नसत.

 

२०१५च्या ‘एन्शंट ओरिजिन्स’ या सेटमध्ये हिरव्या गटाची ही वेळेची अडचणच नाहीशी झाली. मैदानात आणलेला पोकेमॉन त्याच पाळीत वाढवता येत नाही, हा मूळ नियम. ‘फॉरेस्ट ऑफ जायंट प्लांट्स’ या कार्डाने हिरव्या पोकेमॉनपुरता तो उठवला. ऑडिश, ग्लूम, व्हाइलप्लूम एकाच पाळीत मैदानात! आणि व्हाइलप्लूमच्या परागांमुळे कुणालाच आयटम, म्हणजे मदतीचं, कार्ड खेळता येईना. पहिली चाल करण्याआधीच समोरच्याचे हात बांधलेले. २०१७मध्ये एक्सपांडेड, म्हणजे जुनी कार्डंही चालणाऱ्या, स्पर्धांत या जंगलावर बंदी आली, ती योग्यच होती. हळूहळू उगवणं हाच हिरव्या गटाचा स्वभाव आणि तोच त्या कार्डाने मोडला होता.

२०२३च्या ‘१५१’ सेटमधला ‘व्हीनसॉर ईएक्स’ पुन्हा त्या स्वभावावर आला आहे. तो पुढे उभा असताना दर पाळीत आपल्या एका पोकेमॉनची ६०ची जखम भरतो, शिवाय १५०चा फटका मारून समोरच्याला विषबाधा आणि भ्रम दोन्ही देतो. खेळ शिकू पाहणाऱ्या मुलांना मी हेच कार्ड आधी घ्यायला सांगतो.