दुरून बोलणें आणि समोर बसून बोलणें

बेसा हें गांव आमच्या डोळ्यांदेखत नागपूर शहरास येऊन मिळालें. शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांत राहणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे आजीआजोबा यवतमाळ, गडचिरोलीकडे असतात, तर थोरला भाऊ पुण्यास किंवा बंगळूरास. रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे मोबाइलवर त्यांची विचारपूस होते. ही सोय क्षुद्र मानण्याचें कांहींच कारण नाहीं. तथापि अशा बोलण्यांत काय पोहोंचतें व काय मागें राहतें, ह्याचा विचार आम्ही स्वतःची एक चूक झाल्यावर करूं लागलों.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत करोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाल्या व पुढें वर्ग मोबाइलवर भरूं लागले. आठवींतील एक मुलगा नांव पुकारल्यावर ओ देत नसे. त्याची चौकट सदैव काळी. आम्ही त्यास आळशी ठरविलें आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर चार शब्दांची ताकीद लिहिली. पुढें शाळा उघडल्यावर तो समोर येऊन उभा राहिला, तेव्हां एका मिनिटांत उलगडा झाला. घरांत खोली एकच, तींत वडील आजारी. त्यांची झोप मोडूं नये म्हणून तो चित्र व आवाज बंद ठेवून ऐकत असे. ताकीद मात्र साऱ्या वर्गाच्या घरोघरीं वाचली गेली होती.

उलट, साथीपूर्वीं वर्गांत कधीं तोंड न उघडणारी एक मुलगी त्याच दिवसांत रात्रीं लांबलांब, विचारपूर्वक प्रश्न लिहून पाठवी. समोर बसलें कीं सर्व कळतें, हा आमचा समज तिनें खोडून काढला.

बोलण्याचा अर्थ केवळ शब्दांत नसतो. स्वर, मुद्रा, उत्तरापूर्वीचा थांबा, हींही बोलतात. लिहिलेल्या निरोपांतून तीं गळतात. ‘बरं’ हा एवढासा शब्द, पण तो होकार म्हणूनही वाचतां येतो आणि राग म्हणूनही. व्हिडिओंत मुख दिसतें खरें. परंतु मोबाइलचें भिंग पडद्याच्या वर असल्यामुळें, आपण पडद्यावरील डोळ्यांकडे पाहूं लागलों कीं समोरच्यास आपली नजर खालीं वळलेली दिसते. आवाजही क्षणभर उशिरानें पोहोंचतो, आणि दोघे एकदम बोलूं लागतात. सर्वांत अवघड तें मौन. समोरच्याचें मौन पाहतां येतें. दूरच्याच्या मौनांत आपण आपल्याच मनांतील भरतों. आम्ही तेंच केलें होतें.

दुरूनही किती गाढ स्नेह जुळतो, ह्याचें उदाहरण महाराष्ट्रांत इंटरनेटच्या फार पूर्वीं घडलें आहे. गोपाळराव जोशी डाकखात्यांत नोकरीस होते. पत्नी आनंदीबाई ह्यांच्या शिक्षणाविषयीं त्यांनीं लिहिलेलें पत्र अमेरिकेंतील एका मिशनरी नियतकालिकांत छापलें गेलें. न्यू जर्सींतील रोसेल येथील श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर ह्यांनीं सन १८८० मध्यें दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतां तें वाचलें आणि एका अनोळखी मुलीस पत्र धाडलें. उत्तर येण्यास आठवड्यांमागून आठवडे जात. तरी भेटीपूर्वींच आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या. विचार करून लिहावें, पुनः पुनः वाचावें, ही सवड पत्रांनींच दिली असावी.

परंतु सर्व कांहीं पत्रांनीं भागलें नाहीं. एकटी हिंदु स्त्री समुद्रापार जाणार म्हणून टीका उठली, तेव्हां आनंदीबाईंनीं फेब्रुवारी १८८३ मध्यें बंगालमधील श्रीरामपूर कॉलेजांत लोकांसमोर उभ्या राहून आपला हेतु इंग्रजींत समजावून सांगितला. त्या जूनमध्यें न्यूयॉर्क बंदरीं उतरल्या, तेव्हां कार्पेंटरबाई स्वतः घ्यावयास आल्या होत्या. पुढें ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियास त्यांस वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभासाठीं पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या. अभिनंदनाचें पत्र त्यांसही धाडतां आलें असतें.

त्या मुलाची क्षमा मागण्यास आम्ही त्याच्या घरीं गेलों. तेव्हांपासून सुटी, गृहपाठ व वेळापत्रक एवढेंच आम्ही गटावर कळवितों. ताकीद लिहीत नाहीं. शनिवारीं शाळा सुटल्यावर तासभर आम्ही वर्गांतच बसलेले असतों. पालकांनीं अवश्य यावें. कामामुळें येणें न जमल्यास फोन करावा. त्यांत आवाज तरी ऐकूं येतो.