पावणेदोनशे रुपयांचा पास

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कधी ना कधी आपले पाऊल पडलेले असते. माहीमच्या कॉजवेवरून वांद्र्याकडे जाताना खाडीचा वारा अंगावर घेतलेला असतो. पण या वास्तूंमागचा पैसा कोठून आला, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. सर जमशेटजी जिजीभाई दानशूर होते, यात शंका नाही. सरकारने कॉजवे बांधायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या पत्नी आवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ साली रस्ता खुला झाला. पण जमशेटजींच्या गलबतांतून कापसाबरोबर चीनला अफूही जात होती, आणि ती होती माळव्याची. म्हणजे बरीचशी आपल्या होळकर-शिंद्यांच्या मुलखातली.

ही अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या डोळ्यांत सलत होती. कारण नैतिक नव्हते. १७७३ पासून बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता कंपनीच्याच हाती होता. चीनच्या बादशहाने १७२९ मध्येच अफूवर बंदी घातलेली. म्हणून कंपनी कलकत्त्याला पेट्यांचा लिलाव करी आणि हात झटकून मोकळी होई. पुढची चोरटी वाहतूक खासगी व्यापारी करीत. चहाची किंमत भागवायला चांदी मिळत होती, तोवर सारे आलबेल होते.

माळव्याच्या अफूने या गणितात बिब्बा घातला. ती स्वस्त पडे आणि तिच्यावर कंपनीचा ताबा नव्हता. शेतकऱ्याला सावकाराने उचल द्यायची, खसखशीच्या बोंडांना चिरा देऊन काढलेला चीक त्याच्याकडून घ्यायचा आणि वड्या बांधून माल बंदराकडे धाडायचा, हा तिथला रिवाज. चीनमध्ये हा माल उतरला की पाटण्याच्या अफूचा भाव घसरे. तेव्हा १८०५ मध्ये कलकत्त्याने हुकूम काढला : मुंबईतून माळव्याची अफू जाता कामा नये. मुंबई सरकारची मात्र कुचंबणा झाली, कारण शहराची भरभराट याच धंद्यावर होऊ लागली होती.

बंदीचा परिणाम बंदीचा होतो तोच झाला. माल दमणला वळला. दमण पोर्तुगिजांचे, तिथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता आणि तिथून मकावला जहाजे जात. मूळचे गोव्याचे रोजेरियो द फारिया यांच्यासारखे मुंबईचे बडे व्यापारी या वाटेत गुंतलेले होते. १८१८ मध्ये मराठेशाही बुडाल्यावर कंपनीने आधी स्वतःच माळव्यातली अफू विकत घेऊन पाहिली, मग संस्थानिकांशी करार करून वाटा अडवल्या. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी मात्र असा करार केला नाही. व्यापाऱ्यांनी पाली, जैसलमेर असा वाळवंटातून वळसा घालून माल कराचीला नेला आणि तिथून समुद्रमार्गे दमणला. आपल्या राज्यात पिकलेला माल आपल्या पसंतीच्या बंदरात नेणे, याला ‘चोरटा व्यापार’ हे नाव कंपनीने दिले होते, हेही ध्यानात ठेवावे.

अखेर कंपनीने व्यापाऱ्याचीच अक्कल वापरली. १८३० च्या सुमारास तिने खरेदीचा नाद सोडला आणि पास सुरू केला : पेटीमागे १७५ रुपये भरा आणि माल उजळ माथ्याने मुंबईला आणा. दमणची वाट तरीही परवडते असे दिसताच १८३५ मध्ये दर १२५ वर आला. बँकेत व्याजाचे दर खालीवर होताना पाहण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे हा आकडा कसा ठरला असेल ते मला लगेच कळते. वाळवंटातला वळसा, उंटांचे भाडे, वाटेतल्या जकाती यांची बेरीज करायची आणि त्याहून थोडे कमी मागायचे.

पुढचे आकडेच बोलके आहेत. १८४३ मध्ये सर चार्ल्स नेपियरने सिंध घेतला. अफू हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षी पास २०० रुपये झाला, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४०० आणि १८६१ पर्यंत ७००. स्पर्धा संपली की दर कसा चढतो, हे सांगायला अर्थशास्त्राचे पुस्तक नको.

दरम्यान १८३९ मध्ये कमिशनर लिन यांनी कँटनजवळ वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या. त्यावरून युद्ध पेटले आणि १८४२ च्या तहात चीनला हाँगकाँग गमवावे लागले. जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला तोही १८४२ मध्येच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नात जमीनमहसुलाखालोखाल अफूचा क्रमांक होता. इतके उत्पन्न सोडायला कोणते सरकार राजी होईल? १९०७ मध्ये चीनशी करार होईपर्यंत निर्यात कमी करण्याचे वेळापत्रकही ठरले नव्हते.

आज नीमच-मंदसोरच्या शेतांत खसखस फुलते, ती सरकारी परवान्याने आणि औषधांसाठी. जुना वाद आता इतिहासाचा. त्या वादात कलकत्ता, मुंबई, दमण, इंदूर, ग्वाल्हेर सगळ्यांची बाजू कागदावर आहे. कोणाचे किती बुडाले आणि कोणाला किती सुटले, तेही आहे. कँटनच्या गल्लीत नळी ओढत पडलेल्या माणसाच्या नावाचे खाते मात्र यांपैकी कोणीच उघडले नव्हते. मद्याच्या महसुलावर तिजोरी भरणाऱ्या आपल्या राज्यांनीही आपल्या खतावणीत ते पान आहे का, हे एकदा पाहावे.