हळदीचा गुण शेतकऱ्याच्या खळ्यावर ठरतो

आपल्या स्वयंपाकघरातील मसाल्यांच्या डब्यात हळदीचे स्थान मानाचे आहे. वरण असो वा भाजी, चिमूटभर हळदीवाचून ती पुरी झाली असे गृहिणीस वाटत नाही. या आवडीमागे रंगाबरोबर आरोग्याचाही विचार आहे. परंतु हळदीचा गुण ताटापर्यंत शुद्ध पोहोचणे हे बऱ्याच अंशी पिकविणाऱ्याच्या हाती असते.

हळदीचा पिवळेपणा कुरकुमिन या द्रव्यामुळे येतो. वाळलेल्या हळदीत त्याचे प्रमाण जातीपरत्वे सामान्यतः २ ते ५ टक्के असते. दाह कमी करण्याचा त्याचा गुण प्रयोगशाळेतील परीक्षणांत दिसून आला आहे. मात्र हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही व शरीरात फार थोडे शोषले जाते. स्निग्ध पदार्थ व मिरी यांच्या संगतीने शोषण वाढते. त्या दृष्टीने तेलाच्या फोडणीत हळद घालण्याची आपली रीत योग्यच होय. तथापि हळद हा रोजच्या आहाराचा भाग आहे, रोगावरील उपचार नव्हे. कुरकुमिनच्या तीव्र मात्रेच्या गोळ्यांमुळे काहींच्या यकृतास अपाय झाल्याचे आढळले आहे. म्हणून त्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

आता खळ्याकडे वळू. काढणीनंतर जेठे गड्डे व हळकुंडे निरनिराळी करावीत आणि माती धुऊन शक्यतो दोन-तीन दिवसांत शिजवावीत. दोन्ही एकत्र शिजविल्यास लहान हळकुंडे अतिशिजतात व मोठे गड्डे कच्चे राहतात. पाणी स्वच्छ घ्यावे. त्यात शेण किंवा रंग मिसळू नये. पाण्यावर फेस येऊन हळदीचा विशिष्ट वास सुटला आणि काडी सहज आत शिरली, की हळद शिजली असे समजावे. नंतर ती स्वच्छ फरशीवर अथवा ताडपत्रीवर १० ते १५ दिवस उन्हात वाळवावी व रात्री झाकून ठेवावी. ओलसर हळदीस बुरशी लागते. चांगले वाळलेले हळकुंड मोडताना खणखणीत आवाज येतो.

शेवटचे काम झिलईचे. ते पिंपात हळकुंडे घासून होते. त्यास रंगाची गरज नाही. चकाकीच्या मोहाने काही ठिकाणी लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळला जातो. त्यात शिसे असते. शिसे शरीरात साठत जाते व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची हानी पोहोचविते. त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानलेली नाही. हा प्रकार कायद्यानेही गुन्हा आहे. बांगलादेशात २०१९ साली या भेसळीविरुद्ध कडक मोहीम हाती घेतल्यावर दोन वर्षांत बाजारातील हळदीतून शिसे जवळजवळ नाहीसे झाले. मनावर घेतल्यास हा दोष दूर होतो, हेच यावरून दिसते.

शंका आल्यास अख्खे हळकुंड पेलाभर पाण्यात टाकून पाहावे. पाण्यास लगेच गडद रंग सुटल्यास ते वापरू नये व नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

हळदीस तिचा स्वतःचा रंग पुरेसा आहे. जी हळद आपल्या मुलांच्या ताटात निःशंकपणे वाढता येईल, तीच बाजारात न्यावी.