सातबाऱ्यावर वारस लागतात कसे

शेतजमिनीचा खातेदार मृत्युपत्र न करता वारला की सातबाऱ्यावर वारस आपोआप लागत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे लागते. प्रत्यक्षात पीककर्जासाठी सोसायटीने उतारा मागितला की घरचे जागे होतात; तोवर कित्येकदा आजोबांचेच नाव चालू असते.

अर्जाला मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावे, वये, पत्ते व नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडतात. गफलत होते ती इथेच. लग्न झालेल्या बहिणी गाळल्या जातात आणि मृताची आई हयात असली तरी तिचे नाव कुणाला सुचत नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ मात्र विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना एकाच रांगेत धरतो. समजा, मागे स्वकष्टार्जित अडीच एकर, म्हणजे शंभर गुंठे जमीन आहे आणि पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी व आई आहे. प्रत्येकाच्या वाट्याला वीस गुंठे. पुढे ती आई मृत्युपत्राविना वारली, तर तिच्या वीस गुंठ्यांत मुलांच्या काका-आत्यांचाही हिस्सा निघतो. हे भल्याभल्या घरांना पचत नाही. वडिलोपार्जित जमिनीचे गणित याहून किचकट असते.

तलाठी चौकशी करून वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, नावे घेतो आणि मग फेरफार धरतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते.

बहिणीला हक्क सोडायचाच असेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हक्कसोडपत्र हवे. स्टॅम्पपेपरवर घाईने घेतलेली सही चालत नाही, आणि चालू नये हेच बरे.

वारस लागले म्हणजे वाटणी झाली असे नव्हे. नावे सामाईकात राहतात. वाटपासाठी सर्वांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे जाता येते; मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय गाठावे लागते, कारण फेरफाराने मालकी ठरत नाही.

नवा उतारा हाती आला की प्रत्येक नाव आणि आडनाव तिथल्या तिथे तपासावे. लेखनाची चूक राहिली तर दुरुस्तीसाठी कलम १५५ खाली तहसीलदारांकडे पुन्हा अर्ज करावा लागतो.