वाघ आणि मगर : पाणवठ्यावरील संघर्षाची कारणे

जंगलातील दोन बलाढ्य शिकारी, वाघ आणि मगर, सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. मात्र पाणी आणि भक्ष्य एकाच ठिकाणी आले की त्यांच्यात संघर्ष उद्भवतो. राजस्थानातील रणथंबोर राष्ट्रीय उद्यान हे याचे देशातील ठळक उदाहरण आहे.

रणथंबोर किल्ल्याच्या परिसरात पदम तलाव, राजबाग आणि मलिक तलाव हे तीन जलाशय आहेत. पाणवनस्पती खाण्यासाठी सांबर या तलावांत उतरतात आणि त्यांच्या मागावर वाघ येतात. १९८० च्या दशकात चंगेज नावाच्या वाघाने थेट पाण्यात झेप घेऊन सांबरांची शिकार करण्याचे तंत्र आत्मसात केले होते. वन अधिकारी फतेहसिंह राठोड आणि व्याघ्र अभ्यासक वाल्मिक थापर यांनी त्याचे बारकाईने निरीक्षण केले. पाण्यात पडलेल्या सावजाकडे तलावातील मगरीही धाव घेतात. त्यामुळे अशा झटापटी बहुधा एकमेकांना खाण्यासाठी नव्हे, तर शिकारीच्या ताब्यावरून होतात.

या संघर्षात कोणाची सरशी होणार, हे प्रामुख्याने जागेवर अवलंबून असते. खोल पाण्यात मगर वरचढ ठरते. एकदा पकड बसली की ती स्वतःभोवती गिरक्या घेत सावजाला बुडवते. जमिनीवर मात्र शीत रक्ताची ही मगर लवकर थकते. तिच्या पाठीवर हाडांच्या खवल्यांचे कवच असते. म्हणून वाघ जबडा आणि शेपटी चुकवून तिच्या मानेवर मागून हल्ला करतो.

'मछली' या नावाने प्रसिद्ध असलेल्या रणथंबोरच्या वाघिणीने २००३ साली सुमारे १४ फूट लांबीच्या मगरीला ठार केले, तेव्हा ही झुंज जगभर चर्चेचा विषय ठरली. परंतु शिकारी प्राण्याला असा विजयही महागात पडू शकतो. सुळे तुटले किंवा पाय जायबंदी झाला, तर वाघाला शिकार करता येत नाही आणि त्याच्यावर उपासमारीची वेळ येते. पुढे मछलीचेही सुळे गेले आणि उतारवयात वन विभागाला तिच्या भक्ष्याची सोय करावी लागली. १८ ऑगस्ट २०१६ रोजी तिचा मृत्यू झाला. अशा दुखापतीच्या धोक्यामुळेच वाघ आणि मगर एरवी एकमेकांना टाळतात.

दक्षिण अमेरिकेतील पांतानाल या पाणथळ प्रदेशात मात्र चित्र वेगळे आहे. तेथील जग्वार हा वाघापेक्षा लहान असूनही केमन या मगरीच्या जातभाईची नियमित शिकार करतो. जग्वारचा जबडा अत्यंत बळकट असून तो सावजाच्या कवटीच्या मागील भागावर चावा घेतो. शिवाय तेथील केमन भारतातील पूर्ण वाढ झालेल्या मगरीच्या तुलनेत बराच लहान असतो. साहजिकच जग्वारला धोका कमी आणि लाभ अधिक असतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघ आणि मगर या दोघांनाही सर्वोच्च संरक्षण दिले आहे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आणि १९७५ मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. रणथंबोरच्या तलावांवर हे दोन्ही प्राणी आजही एकत्र नांदतात. सांबरांसाठी पुरेसे गवत आणि तलावांत पुरेसे पाणी राखणे, यावरच या दोघांचेही भवितव्य अवलंबून आहे.